देवळीतला नारळ

मंडळी, पुढं सरका, पुढं! खांबाला टेकलेल्यांनी टेकून राहावं, त्यांना मी उठवत नाही – पण डोळे उघडे ठेवा. पेटीवाले, सूर जरा धरून ठेवा. कारण आख्यानाला हात घालण्याआधी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय.

समोर माणूस चुकतोय. आपल्याला ते दिसतंय – ढळढळीत दिसतंय! पण त्यानं आपल्याला काही विचारलेलं नाही. आता काय करायचं? सांगायचं, की गप्प बसायचं?

"सांगायचं!" – हां, आवाज कुणाचा ते कळलं मला. काकू, तुम्ही सांगता हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे! आणि "गप्प बसायचं" हे या आजोबांचं मत. बरं, आजोबा, गप्प बसल्यावर पोटात काय होतं? सगळं शांत असतं? का आतल्या आत कढ येतात? – बघा, हसले! म्हणजे येतात.

आमचे गुरुजी सांगायचे, देवानं सगळी माणसं एका साच्यातून काढलेली नाहीत. एक पिंड असतो पेटवणारा. त्याच्या मनात आलं की दुसऱ्या दिवशी मांडव उभा! दुसरा राबणारा. त्याला काम दिलं नाही तर तो आजारी पडतो. आणि एक पिंड असतो दाखवणारा. त्याला स्वतःला फार राबणं होत नाही, दमतो बिचारा. पण दुसरा कुठं अडलाय, पुढं काय होणार, ते याला आधी दिसतं. डोळाच तसा दिलाय देवानं! पण डोळा दिला तशी परीक्षाही ठेवली. पेटवणारा रागापाशी अडखळतो, राबणारा थकव्यापाशी. आणि दाखवणारा? तो धीरापाशी, महाराज! लोक विचारीपर्यंत याला थांबता येतं का? आणि कुणी नाहीच विचारलं, तर कडू न होता जगता येतं का?

अवघड आहे. मला हा पिंड फार जवळचा वाटतो, कारण यांच्यावर लोक चिडतात आणि यांना आत काय होतं ते कुणी विचारत नाही. अशाच एकाची गोष्ट सांगतो. ऐका!

भोगावतीच्या अंगाला तुरंबवाडी नावाचं गाव. जिकडं बघाल तिकडं ऊस. दिवाळी सरली की गुऱ्हाळं लागायची. आता शहरातली पोरंबाळं बसलीत म्हणून सांगतो – गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. काहिलीखाली चूल, चुलीच्या तोंडाशी जमिनीत खड्डा. त्या खड्ड्यात बसून रस काढलेल्या उसाची वाळकी चिपाडं घालतो तो चुलव्या. आणि वर काहिलीच्या काठाशी उभा राहतो तो गुळव्या! तो काही उचलत नाही, वाहत नाही. नुसता बघतो. रस आटत येतो, बुडबुडे जाड होतात, रंग फिरतो – आणि एक क्षण असा येतो, की गुळव्या म्हणतो, "उतरा!" तो क्षण चुकला की संपलं. आधी उतरवली तर गूळ पाघळतो, नंतर उतरवली तर करपतो. वर्षभराचा ऊस त्या एका शब्दावर!

तुरंबवाडीचा गुळव्या होता केरबा नाना. आणि नानाचा डोळा असा, की पंचक्रोशीतली गुऱ्हाळं त्याला बोलवायची. गावची रीत होती – हंगामाच्या पहिल्या दिवशी गुऱ्हाळाचा मालक नारळ घेऊन गुळव्याच्या दारी जायचा. नारळ हातात ठेवून म्हणायचा, "काहील तुमच्या डोळ्याखाली." नारळ मिळाल्याशिवाय गुळव्या काहिलीपाशी पाय ठेवायचा नाही. शहाण्या माणसांची रीत आहे, मंडळी! ज्यांनी ती घातली त्यांना दाखवणाऱ्याचा पिंड कळला होता.

पण नानाचं झालं काय, की काहिलीपाशी नारळ लागायचा, बाकी कशालाच लागायचा नाही! न्हाव्यापुढं बसला की, "वस्तारा जरा आडवा धर." लग्नात गेला की, "भटजी, आंतरपाट खाली लोंबतोय." आणि घरी? घरी सून भाकरी भाजतेय. तव्यावर भाकरी पडली नाही, तोवर ओट्यावरून आवाज – "मालन, उलट आता!" मालन गुणाची पोर. एकदा तिनं भाकरी तशीच ठेवली, करपू दिली, ताटात वाढली आणि म्हणाली, "मामंजी, तुम्ही सांगायचं इसरलासा न्हवं!"

हसू नका. तुमच्या घरी कोण आहे असं, ते मला नावासकट माहीत आहे.

तर नानाचा एकुलता एक मुलगा सर्जेराव. नानानं आणि सर्जेरावनं मिळून स्वतःचं गुऱ्हाळ घातलं. नानाच्या मनात एकच – आपला डोळा आपल्याबरोबर सरणावर जाऊ नये, तो सर्जाला मिळावा. यापेक्षा दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं देवाकडं. पण शिकवायचा कसा? सर्जेराव काहिलीपाशी उभा राहायचा, बुडबुड्यांकडं बघायचा, तोंड उघडायचा, "उत–" की नाना ओरडायचा, "उतरा!" पोराचा शब्द कधी पुरा झालाच नाही.

आणि एक दिवस नाना म्हणाला, "सर्जा, आज तू सांग. मी तोंड उघडत न्हाई." सगळे गडी उभे. ज्यांचा ऊस होता ते शेतकरी उभे. सर्जेराव बघतोय. कपाळावर घाम. हात थरथरतोय. नानाला दिसलं – वेळ झाली. पोरगं बोलेना! त्यानं पोराच्या हातातला झारा हिसकावला आणि ओरडला, "उतरा, उतरा!" एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण चारचौघांत म्हणाला, "तुझ्या डोळ्यात गूळ न्हाई, सर्ज्या! तू आपली बैलं राख!"

अरे रे रे, नाना...

गडी खाली बघायला लागले. सर्जेराव हळू आवाजात म्हणाला, "नाना, फुडच्या हंगामापास्नं मी बोलवीन तवाच काहिलीपाशी या. तवर नगो."

नाना म्हणाला, "बोलव की! पण गुळव्याला बोलवायची रीत हाय. नारळ घिऊन ये!"

आता बघा हं, गाठ कशी बसली. बापाला वाटतंय, गाव मला नारळ देतं आणि माझा पोरगा देत नाही – म्हणजे मला किंमत नाही. आणि पोराला वाटतंय, घरच्या माणसाला कसला नारळ? बापाच्या हातात नारळ ठेवला म्हणजे बाप परका केला की! दोघांचंही खरं. आणि दोघंही एकाच छपराखाली, एकाच चुलीवरची भाकरी खाणारे!

पुढचा हंगाम आला. नारळ आला नाही. दुसऱ्यांचे आले, पण नानानं ते परत पाठवले – स्वतःचं गुऱ्हाळ सोडून दुसऱ्याच्या काहिलीवर कुठल्या तोंडानं जायचं? नाना ओट्यावर बसला. समोर शेतापलीकडं गुऱ्हाळाचा धूर दिसायचा. वारा तिकडून आला की वास यायचा. आणि नानाचं नाक म्हणजे काय! बसल्या जागी पुटपुटायचा, "रसावरची मळी नीट काढली न्हाई... जाळ जास्ती झालाय... आता, आता उतर... गेली!" येणारेजाणारे म्हणायचे, "नाना, लई धीराचा माणूस तू! पोरानं येवढं बोलून बी तोंडातनं शबूद न्हाई." नाना मान हलवायचा. त्यालाही वाटायला लागलं होतं, आपण फार धीर धरलाय.

आणि एक दिवस वाऱ्याबरोबर वास आला – करपल्याचा! चांगला झणझणीत. अख्खी काहील गेली. नाना ओट्यावर ताठ बसला. छाती भरून वास घेतला. आणि मंडळी... नाना हसला.

शेजारी त्याची बायको आनसाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती थांबली. म्हणाली, "हसलासा?"

"कोण? मी? न्हाई बा."

"लेकाची काहील जळाली आन् तुम्ही हसलासा. मी बघितलं."

"अगं, मी म्हनलंच व्हतं..."

"व्हय. तुम्ही म्हनलाच व्हता." तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मला वाटत व्हतं, मालक पोराची वाट बघत्यात. तुम्ही वाट बघत नव्हता. टपून बसला व्हता."

हात ओट्याच्या कडेला धरून तो बसून राहिला. चाळीसेक वर्षांच्या संसारात आनसाबाई त्याला असं कधी बोलली नव्हती. आणि ती खोटं बोलत नव्हती. तो जो आनंद झाला होता ना आत, तो त्यानं स्वतः ओळखला – आणि त्याची त्याला किळस आली. पोराच्या हातात डोळा यावा म्हणून देवापुढं बसणारा मी, आणि पोराचं जळालं की मला गोड लागतं? डोळ्यांत पाणी आलं म्हाताऱ्याच्या. शेजारून कुणी गेलं असतं तर म्हणालं असतं, धुरानं आलं.

पेटीवाले, थांबा जरा. इथं मलाही थांबू द्या. कारण इथंच आपल्यातले निम्मे जण अडकलेत. आपण गप्प बसतो आणि त्याला धीर म्हणतो! धीर कशाला म्हणायचं? ज्याची वाट बघतोय त्याचं भलं व्हावं असं आत चालू असेल, तर तो धीर. नाहीतर नुसता रुसवा, अंगावर शाल पांघरून बसलेला.

नाना उठला. पटका बांधला. आनसाबाई म्हणाली, "कुठं? नारळ कुठं आलाय?" नाना म्हणाला, "गुळव्याला नारळ लागतो. चुलव्याला कुठं लागतो?"

गुऱ्हाळावर पोचला. सगळे गडी तोंडं पाडून बसलेले. सर्जेराव करपलेली काहील खरवडत होता. बापाला बघितलं आणि त्याचा चेहरा आवळला – आता बोलणार म्हातारा! सगळ्यांपुढं पुन्हा बोलणार!

नाना म्हणाला, "पिराजी तापानं पडलाय म्हनं. जाळ कोन घालतंय?"

पिराजी म्हणजे त्यांचा चुलव्या. सर्जेराव म्हणाला, "कोन मिळंल तो घालतोय. म्हनूनच तर गेली ही."

"मग मी बसतो खड्ड्यात."

"नाना! ते काम तुमचं न्हवं!"

"मी सांगायला आलो न्हाई, सर्जेराव. काहिलीकडं बघणार बी न्हाई. तू म्हनशील तसा जाळ घालतो."

"बुवा, विचारल्याशिवाय गेलाच की नाना!" – कोण म्हणालं? बरोबर पकडलंत! गेला. पण सल्ला घेऊन गेला नाही, हात घेऊन गेला. फरक आहे! सल्ल्याला आमंत्रण लागतं, मंडळी. हाताला लागत नाही.

आता तो खड्डा कसा असतो ठाऊक आहे? समोर आग, मागं चिपाडांचा ढीग, डोक्यावर काहिलीचं बूड. वर काय चाललंय, काही म्हणजे काही दिसत नाही! ज्याचं सगळं आयुष्य बघण्यात गेलं, तो जाऊन अशा जागी बसला जिथं दिसतच नाही. वरून आवाज यायचा, "जाळ वाढवा, नाना." नाना चिपाडं सारायचा. "कमी करा." कमी करायचा. तोंडावर आग, अंगाला घाम, कंबर मोडलेली. संध्याकाळी आनसाबाई पाठीला तेल लावायची.

सोपं गेलं नाही हो त्याला! वास यायचा, कळायचं, आता चुकतंय. शब्द तोंडात यायचा. मग नाना पटक्याचा सोगा दातांत धरायचा. गडी एकमेकांना म्हणायचे, नानाच्या दाढा दुखत्यात.

आणि एकदा काय झालं – वर घाई झाली, रस उतू जायला लागला आणि सर्जेराव भान विसरून ओरडला, "आरं जाळ काढ! काय झोपलास काय? जाळ!" नानाचा हात थरथरला. पेटलेलं चिपाड पायावर पडलं. आणि चटका बसला तो पायाला नाही – नानाला तो आवाज ओळखीचा वाटला. माझाच आवाज हा! मी असाच ओरडतो. आणि सर्जाचा हात असाच थरथरत असणार माझ्यापुढं. थरथरणाऱ्या हाताला दिसत असतानाही दिसत नाही, हे त्या खड्ड्यात त्याला पहिल्यांदा कळलं.

दिवस गेले. एक गोष्ट गड्यांच्या ध्यानात आली. काहिली सुधारत चालल्या होत्या. सगळ्या नाही – एखादी पाघळायची, एखादी काळवंडायची. पण सर्जेराव आता घाबरत नव्हता. चुकला तर खाली खड्ड्यातून बोलणं येत नव्हतं, नुसता जाळ येत होता – सांगितला तसा, सांगितला तेवढा.

हंगामाची शेवटची काहील लागली. ऊस होता नदीकाठचा, पावसाळ्यात पुराच्या पाण्यात उभा राहिलेला. असला ऊस म्हणजे परीक्षा! रस पाणचट, गूळ धरेल का नाही शंका. आणि ऊसवाले शेतकरी काठावर उभे, म्हणत होते, "हे जमलं तर खरं. न्हाईतर फुडच्या साली आमी दुसरीकडं." काहील उकळत आली. सर्जेराव बघतोय. पुन्हा बघतोय. आणि मग तो वाकला. खड्ड्याच्या तोंडाशी गुडघे टेकून वाकला आणि म्हणाला –

"नाना... वर येतासा? मला कळंना झालंय."

मंडळी! आलं की आमंत्रण! ज्यासाठी म्हातारा जीव टाकत होता, ते आलं! नारळ नाही, हळदकुंकू नाही. तोंडाला काजळी लागलेल्या पोराचे दोन शब्द. सर्जेरावनं हात दिला, बापाला वर ओढला. नाना काठाशी उभा राहिला आणि कितीतरी दिवसांनी त्यानं काहिलीत बघितलं. रंग फिरलेला. बुडबुडे जाड. सगळं अंग म्हणालं – उतर! शब्द जिभेच्या शेंड्यावर आला. गड्यांनी काहील उचलायचे दांडे धरले, सगळ्यांच्या नजरा नानाच्या तोंडाकडं.

नानानं शब्द गिळला. म्हणाला, "सर्जेराव, तुला काय दिसतंय?"

जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं त्यानं हे!

सर्जेराव गोंधळला. मग सावकाश म्हणाला, "रंग म्हणतोय उतर. पन वास कच्चा हाय, नाना. पुराचा ऊस हाय. थांबावंसं वाटतंय."

नानानं वास घेतला. आणि त्याला काय कळलं? काही नाही! खड्ड्यातल्या धुरानं नाक भरलेलं. ज्या नाकानं ओट्यावर बसून गुऱ्हाळ चालवलं, ते नाक बंद! क्षणभर म्हातारा घाबरला. मग त्यानं पोराकडं बघितलं. हात थरथरत नव्हता.

"मग थांब," नाना म्हणाला.

थांबले. सगळे थांबले. कुणी खाकरेना. बुडबुडा फुटतोय, दुसरा येतोय... आणि सर्जेराव ओरडला, "उतरा!" पुरा शब्द, मंडळी! पहिला शब्द, जो मधेच तुटला नाही.

काहील उतरली. गूळ ओतला, घोटला, निवला. सोन्यासारखा नव्हता, खोटं कशाला सांगू – पुराच्या उसाचा गूळ तांबूसच व्हायचा. पण ढेप उभी राहिली! कडा धरून, टणक! शेतकऱ्यांनी खडा फोडून तोंडात टाकला आणि माना हलवल्या.

नाना सगळ्यांच्या देखत बोलला, "माझ्यावर असतं तर मघाच उतरली असती. पाघळला असता गूळ." आणि मग, जरा थांबून, "सर्जा, मी म्हनलो व्हतो तुझ्या डोळ्यात गूळ न्हाई. चुकलो म्या."

सर्जेराव वळला. गुऱ्हाळाच्या भिंतीत देवाची देवळी होती, छोटीशी, दिवा ठेवायला. तिथून त्यानं काहीतरी काढलं आणि बापाच्या हातात ठेवलं.

नारळ!

धुरानं काळा पडलेला. शेंडी वाळलेली. नानानं कानाशी धरून हलवला. आत पाणी नव्हतं. खडखड वाजला.

"कवाचा रं ह्यो?"

"पयल्या दिशीचा, नाना." सर्जेराव म्हणाला. "हंगाम लागला त्या सकाळीच आणला व्हता. घरापत्तुर आलो बी व्हतो. तुम्ही ओट्यावर बसला व्हता, तोंड फिरवलासा... मग माझा पाय उचलला न्हाई."

अहो, इकडं बाप वाट बघतोय नारळाची! आणि तिकडं नारळ वाट बघतोय बापाची! अख्खा हंगाम!

नानानं तो नारळ छातीशी धरला. रडला, आणि रडता रडताच हसला. "लेका," म्हणाला, "ह्याचं खोबरं झालं की!" दगडावर आपटला, फोडला. आत पांढराशुभ्र गोटा. नासला नव्हता, कुजला नव्हता, कडू झाला नव्हता. नानानं खोबऱ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर नव्या गुळाचा खडा ठेवला आणि आधी पोराच्या तोंडात घातला. दुसरा घरी घेऊन गेला, आनसाबाईसाठी.

तर काकू – होय, तुम्हीच – आता तुमच्याकडं येतो! तुम्हाला दिसतं, हे मला मान्य आहे. तुमचा डोळा देवाचा आहे, तो फोडून घ्या असं मी म्हणणार नाही. पण उद्या सुनेची भाकरी तव्यावर पडली की पटक्याचा सोगा – बरं, तुमचा पदर – दातांत धरा! तिला भाकरीला पीठ मळून द्या. ती वळून विचारीपर्यंत थांबा. आणि थांबाल तेव्हा ओट्यावर बसून करपल्याचा वास हुंगू नका. विचारलंच तिनं, तर आधी तिला विचारा, तुला काय दिसतंय?

आणि तुम्ही मागचे तरुण! दाराशी उभे राहून मोबाइल बघताय, पण ऐकताय, ठाऊक आहे मला. तुमच्या घरात कुणीतरी ओट्यावर बसलंय. बोलतं जास्त, हे खरं. पण त्याला कुणी शेवटचं कधी विचारलं, "मला कळंना झालंय, जरा बघता का?" आठवतंय? तुमच्या घरच्या देवळीतही एखादा नारळ वाळत पडलाय. आणलात, दारापर्यंत नेलात आणि परत ठेवलात. कोण नाही म्हणतंय सांगा बघू! एकानंही मान हलवली नाही.

मृदंगवाले, आता हात टाका! टाळकऱ्यांनो, उठा! आरती झाली की दाराशी परात ठेवलीय – गूळ-खोबरं. खाताना एक तुकडा जास्त घ्या, मी हसणार नाही. मुठीत धरा, सरळ घरी जा, आणि ज्याच्यापाशी पाय अडतो त्याच्या हातावर ठेवा. काही बोलायची गरज नाही. त्याला कळेल!